आठाचा हट्ट

शब्दांच्या जाती किती? आठ. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. आणि इंग्रजीच्या तासाला पार्ट्स ऑफ स्पीच किती? तेही आठच! दोन इतक्या वेगळ्या भाषा, आणि आकडा मात्र एकच. वर्गात याचं कुणालाच नवल वाटत नाही, ही त्यातली खरी गंमत.

हा आकडा ग्रीकांचा. ख्रिस्तपूर्व 100 च्या सुमारास होऊन गेलेल्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर एक छोटंसं व्याकरण आहे, त्यात ग्रीक शब्दांचे आठ वर्ग केलेत. त्यात आर्टिकल आहे, विशेषण मात्र वेगळं नाही, ते नामातच धरलेलं. रोमन पंडितांनी हाच साचा लॅटिनला लावला. पण लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही! एक खुर्ची रिकामी झाली. मग तोवर क्रियाविशेषणांत मोडणारे उद्गारवाचक शब्द उचलून तिथे बसवले. माणसं बदलली, पंगत आठाचीच राहिली.

इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकरचं, 1586 चं. तेही लॅटिनच्याच वळणावर. रॉबर्ट लोथने 1762 साली आर्टिकल आणि विशेषण यांना स्वतंत्र मानून नऊ जाती केल्या. पुढे कुणी आर्टिकलला विशेषणात ढकललं आणि गाडी पुन्हा आठावर आली.

आपल्याकडे यास्काने पदांचे चार प्रकार सांगितले होते, पाणिनीचं काम तर सुबन्त आणि तिङन्त या दोनांवर भागलं. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण आलं. शब्द संस्कृत वळणाचे, साचा मात्र इंग्रजी. दादोबांना दोष द्यायचा नाही, समोर फारसं काही नसताना त्यांनी केवढं उभं केलं! पण पुढे आपण त्या साच्याला भाषेचा निसर्गनियमच समजू लागलो.

त्याची किंमत इंग्रजी शिकणारी मुलं मोजतात. प्रेपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय, असं फळ्यावर लिहिलं जातं. आता 'ऑन द टेबल' म्हणजे टेबलावर, इथे 'वर' शब्दयोगी. ठीक. पण 'इन द हाउस' म्हणजे घरात, आणि हा 'त' तर सप्तमीचा प्रत्यय! इंग्रजीत शेजारी बसणारे दोन शब्द मराठीत दोन वेगळ्या धड्यांत जातात. शिवाय प्रेपोझिशन या नावाचा अर्थच 'आधी ठेवलेलं', आणि आपलं शब्दयोगी येतं शब्दाच्या मागून. मूल गोंधळलं तर ढ ठरतं.

आर्टिकलचं तर विचारूच नका. मराठीच्या आठांत त्याला जागाच नाही. मग उरतो फक्त 'स्वराआधी ॲन' एवढा नियम. 'द' कधी लावायचा, याचं उत्तर ऐकणाऱ्याला काय आधीच ठाऊक आहे यात दडलंय, हे शिकवायला त्या चौकटीत शब्दच नाही.

अमेरिकेत चार्ल्स फ्राइजने 1952 साली ही सगळी नावंच फेकून दिली. टेलिफोनवरची खरीखुरी संभाषणं ध्वनिमुद्रित करून त्याने वाक्यातल्या जागेवरून चार वर्ग पाडले, त्यांना नुसते क्रमांक दिले. उरलेल्या शब्दांचे पंधरा गट केले, त्यांना नुसती अक्षरं. 'ए', 'द', 'माय' हे सगळे एका गटात, कारण ते एकाच जागी येतात. आज ज्यांना डिटर्मिनर म्हणतात ते बव्हंशी हेच. डिटर्मिनर हा शब्द शिक्षकांच्या पुस्तकांत रुळला. फ्राइजचे क्रमांक मात्र शाळेत कुणी घेतले नाहीत. 'वर्ग एकचा शब्द ओळखा' असं कोण विचारणार? नाम म्हणायला सोपं पडतं.