काला अंब, मोडी पत्रे आणि एक लहानसे संकेतस्थळ

पानिपत शहराबाहेरील ‘काला अंब’ या जागेला ज्या आंब्याच्या झाडावरून नाव पडले, ते झाड आता नाही. तेथे विटांचा एक स्तंभ, माथ्यावर लोखंडी दंड, सभोवती कुंपण आणि इंग्रजी व उर्दूतील छोटासा लेख आहे. १४ जानेवारी १७६१ च्या संहाराचे स्मरण करण्यासाठी दरवर्षी त्या तारखेला मराठी माणसे येथे जमतात.

काही वर्षांपूर्वी अशी सहल नेणाऱ्या एका मंडळाच्या संकेतस्थळाची अडचण माझ्यापुढे आली. पाने जेमतेम सात. पण प्रत्येकाचा रंग निराळा, टंक निराळा. एका पानावर ‘काला अंब’, दुसऱ्यावर ‘काळा आंबा’, तिसऱ्यावर ‘काला आम’. बस सुटण्याची वेळ एके ठिकाणी पहाटे पाच, दुसरीकडे सहा. त्यांतील यंदाची कोणती हे कळावे, तर साल कोठेच नव्हते. कोल्हापूरहून आलेले एक वृद्ध दांपत्य सहाला पोहोचले, तेव्हा बस जाऊन तास झाला होता. त्यांच्या घराण्यातील एक पुरुष पानिपतावर पडला होता. टॅक्सी करून ते स्तंभापाशी गेले, तोवर पुष्पांजली आटोपून मंडळी परत निघाली होती.

हा दोष सजावटीचा नव्हे, शिस्तीचा होता. आणि ही शिस्त मराठी कारभाराला नवी नाही. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदावर आडवी रेघ ओढी आणि अक्षरे त्या रेघेखाली लिहीत जाई. माथ्यावर ‘श्री’, मग मायना. धन्याला ‘सेवेसी विज्ञापना’, बरोबरीच्याला ‘राजश्री’, धाकट्याला ‘आशीर्वाद’. मायना पाहताच कोण कोणास लिहितो ते उमगे. राजपत्राच्या शेवटी मर्यादेची लहान मुद्रा उमटवीत, म्हणजे तिच्याखाली कोणास काही वाढवता येऊ नये. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर ठरलेला साचा वाचणाऱ्याचा शोधखर्च वाचवतो. साचा पाळणे हे लिहिणाऱ्याचे कष्ट. लाभ मात्र प्रत्येक वाचकाला, प्रत्येक वेळी मिळतो.

या साच्यातही एक उणीव होती. ‘छ’ या अक्षरापुढे चंद्राची तारीख आणि महिन्याचे अरबी नाव असे. साल मात्र पुष्कळदा नसे. ज्याला पत्र पावले त्याला साल ठाऊकच होते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. असे बिनसालाचे पत्र कोणत्या वर्षाचे, हे आतील हकिकतीवरून आणि वार-तिथीचा मेळ घालून ठरवावे लागते. एका वर्षाची चूक झाली, तरी घटनांचा क्रम आणि त्याबरोबर कार्यकारणभाव उलटापालटा होतो.

शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राने २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली निघाली. पानोपानी एकसारखी मांडणी आणि मजकूर अद्ययावत केल्याची तारीख या दोन्हींचा आग्रह त्यांत आहे. मंडळातही आम्ही तेच केले: एक टंक, दोन रंग, अनुक्रमणिका सर्वत्र एकाच जागी, ‘काला अंब’ हे एकच रूप आणि प्रत्येक तारखेपुढे साल. तांत्रिक काम दोन रविवारांत संपले. सात स्वयंसेवकांना आपापल्या पानाचा रंग सोडायला लावण्यात मात्र तीन महिने गेले. अखेर बदल करण्याचा अधिकार एकीकडेच सोपवला, तेव्हा प्रश्न मिटला.

मागील सहलींच्या वृत्तांतांवर साल घालण्याचे काम मात्र अपुरेच राहिले. तीन वृत्तांत कोणत्या वर्षाचे, हे त्या सहलींना गेलेल्यांनाही आता सांगता येत नाही.