स्पर्धेसाठीं सजविलेलें छायाचित्र आणि त्याचें साधनमूल्य
(डहाणू-तलासरी भागाच्या अनुरोधानें)

जुनें दफ्तर हातीं आलें म्हणजे संशोधक प्रथम कागद पाहतो, मग शाई, मग हस्ताक्षराचें वळण, मग शिक्का-मोर्तब. लेख अस्सल आहे, नक्कल आहे, कीं मागाहून कोणी रचलेला आहे, याचा निर्णय झाल्यावांचून त्यांतील मजकुरावर तो एक अक्षरहि लिहीत नाहीं. हा शिरस्ता आतां आपल्या अंगवळणीं पडला आहे. परंतु त्याच दफ्तराच्या तळाशीं एखादें काळें-पांढरें छायाचित्र निघालें, तर तेथें मात्र आपली चिकित्सा थबकते. यंत्रानें जें टिपलें तें खरेंच असणार, अशा समजुतीनें चित्र पुराव्यांत दाखल होतें व ग्रंथांत छापलें जातें. ही समजूत किती बेभरवशाची आहे, आणि विशेषतः छायाचित्रकारांच्या मंडळांच्या स्पर्धांसाठीं तयार केलेल्या प्रतींच्या बाबतींत ती कशी फसविते, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उदाहरणासाठीं डहाणू व तलासरी हे दोन तालुके घेतले आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निर्माण होईपर्यंत हा भाग ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. पश्चिमेस समुद्र व चिकूच्या वाड्या, पूर्वेस डोंगर आणि वारली लोकांचे पाडे, आणि मधून मुंबई-गुजरातचा लोहमार्ग, अशी याची रचना आहे. मुंबईच्या हौशी छायाचित्रकारास कॅमेरा खांद्यास लावून एका दिवसांत जाऊन येण्याजोगा हा मुलूख होय. येथील दप्तरी कागद महसुलाचे, सावकारीचे व जंगलखात्याचे. त्यांत वारल्यांचें नांव येतें तें बहुधा ऋणको, कूळ किंवा आरोपी म्हणून. ज्या समाजाचा स्वतः लिहिलेला जुना कागद जवळजवळ नाहीं, त्याच्या बाबतींत छायाचित्राचें मोल सहजच वाढतें. म्हणूनच त्याची पारखहि अधिक कठोर असली पाहिजे.

१. मुंबईची परंपरा

हिंदुस्थानांतील पहिली छायालेखन-संस्था मुंबईस १८५४ सालीं स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ च्या. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें १८५५ सालीं या कलेचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी व हरिश्चंद्र चिंतामण हीं या पहिल्या पिढींतील एतद्देशीय नांवें आपल्या वाचकांस अपरिचित नसावींत. सभासदांनीं आपल्या प्रती मांडाव्या, इतरांनीं त्या पाहून गुणदोष सांगावे, हा पुढील काळांतील स्पर्धांचा पाया याच संस्थांतून घातला गेला.

प्रतीच्या सजावटीचें ठळक उदाहरणहि मुंबईचेंच आहे. विल्यम जॉन्सन यानें मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचा संग्रह १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यांतील माणसें चित्रशाळेंत बसवून टिपलीं होतीं व त्यांच्यामागील देखावे अन्यत्र घेतलेल्या चित्रांतून जोडलेले होते. म्हणजे माणूस खरा, देखावाहि खरा, परंतु तो माणूस त्या जागीं उभा होता हें विधान मात्र खोटें. पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर दोन अस्सल पानें एकत्र शिवून तिसरीच पोथी तयार केली होती. पाठभेद पाहणाऱ्यास यांत नवल वाटूं नये.

१८९० च्या दशकांत मुंबईचे पारशी छायाचित्रकार शापूर भेदवार यांनीं छायाचित्राला रंगचित्राच्या पंक्तीस बसविण्याच्या चळवळींत विलायतेपर्यंत नांव मिळविलें. पारशी धर्मगुरूच्या नावर दीक्षेवर त्यांनीं चित्रमालिका रचली. संजाण, उदवाडा आणि परंपरेप्रमाणें इराणशाह अग्नि बारा वर्षें जेथें लपवून ठेविला होता तीं डहाणूजवळील बाहरोटचीं लेणीं यांचा इतिहास अभ्यासणारांस ही मालिका मोहक वाटेल. परंतु ती विधीची नोंद नसून विधीवरील रचना आहे, हें विसरतां कामा नये. पुढें १९३२ सालीं ‘कॅमेरा पिक्टोरियॅलिस्ट्स ऑफ बॉम्बे’ व १९३७ सालीं ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्था मुंबईंत निघाल्या आणि स्पर्धा व प्रदर्शनें हा हौशी मंडळींचा नित्याचा व्यवसाय झाला.

२. प्रत कशी तयार होई

स्पर्धेंत मूळ कांच किंवा फिल्म, जिला छायाचित्रकार निगेटिव्ह म्हणतात, ती पाठविली जात नसे. पाठविली जाई ती कागदावरची प्रत. एका मूळावरून हव्या तितक्या प्रती निघतात व प्रत्येक वेगळी निघूं शकते. येथेंच संशोधकाचें काम सुरू होतें.

प्रथम चौकट ठरे. मूळांतील जो भाग नको तो वर्धकयंत्राखालीं सोडून दिला जाई. पाड्यावरील एका म्हाताऱ्याच्या शेजारीं सावकाराचा माणूस किंवा जंगलचा शिपाई उभा असेल, तर रचनेच्या दृष्टीनें तो अडचणीचा ठरून कागदाबाहेर जाई. नंतर ब्रोमाइड कागदावर प्रकाश पाडतांना हाताच्या किंवा पुठ्ठ्याच्या आडोशानें कांहीं भाग उजळ ठेवीत, कांहीं मुद्दाम काळे करीत. परीक्षकाची नजर मध्यें राहावी म्हणून चारी कोपरे गडद करण्याची चाल तर सार्वत्रिक होती. प्रत प्रकट करणाऱ्या द्रावणांतून काढून हायपोमध्यें स्थिर केली कीं, पोटॅशियम फेरिसायनाइडच्या सौम्य द्रावणाचा कुंचला फिरवून डोळ्यांतील किंवा दागिन्यांवरील चमक वाढवीत. तपकिरी छटा हवी असल्यास प्रत आधीं विरंजित करून मग गंधकयुक्त द्रावणांत बुडवीत. सरतेशेवटीं बारीक कुंचल्यानें पांढरे ठिपके भरणें व धारदार पात्यानें काळे ठिपके खरवडणें हें काम चाले. सराईत हातानें एवढ्यावर न थांबतां मागची तार, खांब किंवा फाटका सदराहि नाहींसा करावा, हें शक्य होतें.

यानंतर लाखेचा लेप दिलेला पातळ कागद मध्यें घालून गरम दाबानें प्रत पुठ्ठ्यावर चिकटवीत. १६ × २० इंची पुठ्ठा हा प्रदर्शनांतील रूढ आकार, आणि एका वर्गांत बहुधा चार चित्रें पाठविण्याची मुभा. पाठीवर शीर्षक, कर्त्याचें नांव व अनुक्रमांक, आणि चित्र स्वीकारलें गेल्यास त्या त्या प्रदर्शनाची चिठ्ठी. समुद्रकांठच्या दमट हवेंत हें सारें सोपें नव्हे. उन्हाळ्यांत पाणी कोमट झालें कीं जिलेटिनचा थर फुगतो व कडेनें सुटूं लागतो, म्हणून तुरटी किंवा फॉर्मलिननें तो घट्ट करावा लागे. पावसाळ्यांत त्याच थरावर बुरशी चढते.

ही मेहनत निंद्य नव्हे. कलाकृति म्हणून ती कौतुकासच पात्र आहे. परंतु परीक्षकानें ज्या गुणांसाठीं पारितोषिक द्यावें, त्याच गुणांमुळें संशोधकानें सावध व्हावें, असा हा चमत्कारिक व्यवहार आहे.

३. पट्टीचा दोष, माणसाच्या माथीं

सजावटीखेरीज आणखी एक दोष आहे, व तो कोणाच्याहि हातचा नसल्यामुळें अधिक फसवा आहे. प्रारंभींच्या ओल्या कोलोडियनच्या व साध्या जिलेटिनच्या पट्ट्यांस निळा प्रकाश दिसे, तांबडा जवळजवळ दिसत नसे. १८७३ सालीं फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानें रंगद्रव्याच्या योगानें पट्टीची दृष्टि हिरव्या-पिवळ्यापर्यंत वाढविली. सर्व रंग जाणणाऱ्या पट्ट्या १९०६ पासून बाजारांत आल्या, परंतु जुन्या जातीच्या पट्ट्या त्यानंतरहि पुष्कळ वर्षें वापरांत होत्या.

याचे परिणाम तीन. पहिला, निळें आकाश पट्टीवर जरुरीपेक्षां अधिक उमटून प्रतींत कोरें पांढरें येई, म्हणून दुसऱ्या कांचेवरील ढग आणून जोडण्याची वहिवाट पडली. किनाऱ्याच्या जुन्या चित्रांत सुंदर ढग दिसले, तर ढगांवरचा उजेड व होडीची सांवली एकाच दिशेनें आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. दुसरा, वारली घराच्या गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें काढलेला लग्नाचा चौक अशा पट्टीवर अत्यंत उठावदार दिसेल, कारण तांबूस भिंत काळीकुट्ट होते व पांढरी रेघ तशीच राहते. या चित्रावरून भिंतीचा मूळ रंग ठरवूं जाणें व्यर्थ. तिसरा परिणाम सर्वांत गंभीर आहे. सांवळ्या किंवा गव्हाळ त्वचेंतील तांबूस झांक पट्टीस न दिसल्यामुळें माणूस होता त्याहून पुष्कळ काळा उमटतो. मग वातावरण गूढ करण्यासाठीं स्पर्धेच्या प्रतींत त्यावर आणखी काळिमा चढे. १८६८ ते १८७५ या काळांत सरकारी आश्रयानें आठ भागांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या संग्रहासारख्या ग्रंथांतील चित्रांवरून ज्यांनीं जमातींच्या वर्णाविषयीं विधानें केलीं, त्यांनीं माणसाचें वर्णन केलें कीं पट्टीचें, हा प्रश्न विचारल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

४. नांव असलेलें चित्र, नांव नसलेलें चित्र

१९४५ हें वर्ष या भागाच्या इतिहासांत महत्त्वाचें आहे. के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा ग्रंथ त्याच सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सालच्या २३ मे रोजीं झरी येथें वारल्यांची मोठी परिषद भरली व वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध उठाव सुरू झाला. ऑक्टोबरांत तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत जेठ्या गांगड यांसह पांच जण मृत्युमुखीं पडले. गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या ग्रंथांत ही हकीकत स्वानुभवानें सांगितली आहे.

या चळवळीचीं चित्रें सुनील जाना यांनीं घेतलीं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या चित्रांनीं प्रसिद्धीस आलेले हे छायाचित्रकार त्या काळीं कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रासाठीं काम करीत. वृत्तपत्राची प्रतहि सजविलेलीच असते. तिलाहि चौकट असते, संपादकाची कात्री असते, पक्षाचा हेतु असतो. तथापि एक भेद राहतो. वृत्तपत्रांतील चित्राखालीं स्थळ, काळ व प्रसंग लिहिणें भागच असतें. प्रदर्शनाच्या भिंतीवर मात्र स्थळकाळ सांगितल्यास चित्र ‘नुसती नोंद’ ठरून गुण कमी व्हावे, अशी त्या काळची अभिरुचि होती. म्हणून तेथें शीर्षक येई तें ‘वार्धक्य’, ‘चिंतन’, ‘रानफूल’ अशा वळणाचें. ज्या बाईचा चेहरा चार शहरांच्या प्रदर्शनांत फिरावा, तिचें नांव व तिचा पाडा पाठीवरील एकाहि चिठ्ठीवर नसावा, हा या प्रकारांतील खरा तोटा होय. पत्र अस्सल, शिक्का शाबूत, परंतु पत्र लिहिणाराचें नांव मात्र मुद्दाम खरवडून टाकलेलें, असा कागद आपल्या हातीं आला तर आपण हळहळलों असतों.

५. संग्राहकांस विनंति

वरील विवेचनावरून कांहीं व्यावहारिक नियम निघतात.

पहिला : कागद ओळखावा. चित्र कागदाच्या तंतूंत मुरलेलें व निस्तेज असेल तर तें मिठाच्या कागदावरचें. कागद फार पातळ, किंचित् चकचकीत व उजळ भाग पिवळसर असतील तर अंड्याच्या पांढऱ्या बलकावरचें. थर जाड असून गडद भागांत तिरपें पाहतां चांदीसारखी झळक येत असेल तर जिलेटिनचें. एवढ्यानेंहि काळाची स्थूल मर्यादा ठरते.

दुसरा : पाठ आधीं पाहावी, चेहरा मागून. प्रदर्शनाची चिठ्ठी, अनुक्रमांक, दुकानाचा शिक्का, पेन्सिलीचा शब्द, हें सर्व उतरून घ्यावें. पुठ्ठा जुना झाला म्हणून प्रत सोडवूं नये. पोथीचें वेष्टण आपण फेकीत नाहीं, त्याच न्यायानें.

तिसरा : चित्र तिरप्या उजेडांत धरून भिंगानें पाहावें. खरवडलेली जागा खोल व कुंचला फिरलेली जागा निराळ्या झांकेची दिसते. हे त्या प्रतींतील प्रक्षेप.

चौथा : चित्र उलटें छापलेलें नाहीं ना, हें तपासावें. कांच पालथी पडली तर उजवें तें डावें होतें. तारपा नाचाचें वर्तुळ कोणत्या दिशेनें फिरतें, किंवा कोयता कोणत्या हातीं असतो, यासंबंधीं एका चित्राचा दाखला देऊन वाद घालण्यापूर्वीं एवढी खबरदारी घेणें अगत्याचें आहे.

पांचवा : मूळ कांच किंवा फिल्म मिळेल तर ती प्रतीपेक्षां अधिक मोलाची मानावी. सजविलेल्या प्रतींतून वगळलेला माणूस तेथें अद्याप उभा असतो. कलादृष्ट्या निकामी म्हणून ज्या कांचा रद्दींत जातात, त्याच इतिहासदृष्ट्या पहिल्या प्रतीच्या होत.

शेवटचा नियम विनंतीच्या स्वरूपाचा आहे. आपल्या संग्रहांत डहाणू-तलासरीकडील चित्रें असतील, तर त्यांच्या नकला घेऊन त्या पाड्यांवर जावें आणि वडीलधाऱ्या मंडळींस दाखवाव्या. १९४५ सालीं जी दहा वर्षांची मुलगी होती तिनें आज नव्वदी गांठलेली आहे. ‘ही माझी आत्या’, ‘हें आमचें जुनें घर’ असें सांगणारी माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांनीं सांगितलेलें नांव, सांगणाराचें नांव व तारीख यांसह, प्रतीच्या पाठीवर नव्हे तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून प्रतीसोबत ठेवावें. दप्तराचे कागद अजून शंभर वर्षें वाट पाहतील. ही साक्ष वाट पाहणार नाहीं. स्पर्धेनें त्या चेहऱ्यास पारितोषिक दिलें. त्याचें नांव त्यास परत देणें एवढें काम आपल्याकडे राहिलें आहे.