दोन न्यायासने आणि एक मूल

शलमोन राजापुढे दोन स्त्रिया एका मुलावर हक्क सांगत आल्या, तेव्हा न्यायासन एकच होते आणि दोघीही त्याच राजाच्या प्रजा होत्या. आईबाप दोन देशांत पांगले आणि दोन्हीकडच्या न्यायालयांनी परस्परविरुद्ध आदेश दिले, तर मुलाने कोणाचा हुकूम मानावा, हा प्रश्न शलमोनापुढे कधी आलाच नाही. तो आला युरोपातील विधिज्ञांपुढे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जेव्हा आगगाड्या आणि आगबोटी यांमुळे विवाहसंबंध सीमा ओलांडू लागले होते.

ॲमस्टरडॅमचे विधिपंडित टोबियास आसर यांच्या प्रयत्नाने 1893 साली हेग येथे खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याची पहिली परिषद भरली. विवाह, घटस्फोट आणि अज्ञान मुलांचे पालकत्व यांविषयी 1902 साली तेथे करार झाले. पालकत्वाच्या करारात मुलाच्या राष्ट्रीयत्वाला प्राधान्य होते. मूल ज्या देशाचे नागरिक, त्या देशाचा कायदा त्याला लागू. आसर यांना 1911 साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. युद्ध टाळण्याच्या खटपटीत घरातील भांडणांचाही विचार व्हावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण राष्ट्रीयत्वाचा निकष पुरा पडला नाही. स्वीडनमध्ये वाढणाऱ्या एका डच नागरिक मुलीची आई वारली आणि तिच्या पालकत्वावरून हॉलंड व स्वीडन ही दोन राष्ट्रे थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभी राहिली. 1958 साली निकाल स्वीडनच्या बाजूने लागला. मूल जेथे राहते तेथील अधिकाऱ्यांना त्याच्या रक्षणासाठी पावले उचलता येतात, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे 1961 च्या करारात मुलाचे नित्य वास्तव्य कोठे, याला महत्त्व आले.

यानंतर दुसरीच व्याधी वाढली. न्यायालयात हरलेला, किंवा हरण्याची भीती असलेला पालक मुलाला घेऊन विमानात बसू लागला. 1976 साली कॅनडाने हा विषय हेग परिषदेत मांडला आणि 25 ऑक्टोबर 1980 रोजी बालअपहरणविषयक करार झाला. मूल नित्य वास्तव्याच्या देशात त्वरेने परत पाठवावे, ताब्याचा वाद तेथील न्यायालयाने सोडवावा, हे त्याचे मर्म. निर्णय सहा आठवड्यांत अपेक्षित. परतीने मुलाला गंभीर धोका असेल तर अपवाद. प्रत्येक देशाने एक मध्यवर्ती अधिकारी नेमावा आणि त्याने शक्य तेथे समेट घडवावा, असेही त्यात आहे. आज शंभराहून अधिक देश त्यात सहभागी आहेत.

करार करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने होता मूल पळवणारा बाप. अनुभव वेगळा निघाला. 1999 सालच्या अर्जांचा जो अभ्यास पुढे झाला, त्यात मूल नेणाऱ्यांपैकी सुमारे 70 टक्के माता आढळल्या. त्यांतील काही परदेशी एकाकीपणाला, काही मारहाणीला कंटाळून माहेरी परतलेल्या. अशा स्त्रीला केवळ ‘अपहरणकर्ती’ म्हणणे कायद्याला सोपे असले, तरी मनाला पटत नाही. पण मागे राहिलेल्या बापाचे घर ओस पडते, हेही खोटे नाही. कलमांनी ही गाठ सुटणारी नव्हती. तेथे माणसांची गरज होती.

ही माणसे दोन वाटांनी आली. पहिली न्यायाधीशांची. 1998 साली हॉलंडमध्ये झालेल्या चर्चासत्रात इंग्लंडचे न्यायमूर्ती मॅथ्यू थॉर्प यांनी सुचविले की प्रत्येक देशात एक संपर्क-न्यायाधीश असावा आणि त्याने परदेशी सहकाऱ्याशी थेट बोलावे. त्यातून न्यायाधीशांचे जाळे उभे राहिले. दुसरी वाट मध्यस्थांची. जर्मन आणि फ्रेंच आईबापांच्या वादांत दोन मध्यस्थ एकत्र बसू लागले: एक जर्मन, एक फ्रेंच. जर्मनी व पोलंड येथील मध्यस्थांनी 2007 साली व्रोत्स्लाव येथे हीच पद्धत जाहीरनाम्यात मांडली. त्यात दोघांपैकी एक स्त्री, एक पुरुष. एक कायद्याचा जाणकार, दुसरा मानसशास्त्र वा समाजकार्याचा. समोर बसलेल्या आईला आपली भाषा समजणारे कोणीतरी भेटते, बापालाही. व्यवस्था किती साधी, पण ती सुचायला शंभर वर्षे लागली!

करार नसतानाही सहकार्य जमते, हे इंग्लंड आणि पाकिस्तानने दाखविले. जानेवारी 2003 मध्ये लंडन येथे दोन्ही देशांच्या वरिष्ठ न्यायाधीशांत एक समझोता झाला. ज्या देशात मूल नेले तेथील न्यायाधीशाने, सामान्यतः, मूल परत पाठविण्यापलीकडे अधिकार वापरू नये असे ठरले. पाकिस्तान 2016 साली हेग करारातही सामील झाला.

आपल्या देशाने मात्र त्या करारावर सही केलेली नाही. विधी आयोगाने 2009 साली सहभागी होण्याची शिफारस केली. सासरच्या छळातून सुटून मायदेशी आलेल्या आयांना परत धाडावे लागेल, हा विरोधाचा मुख्य मुद्दा. तो हलका नाही. 2018 साली न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीने अशा वादांसाठी स्वतंत्र प्राधिकरण सुचविले. तोपर्यंत न्यायालये प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तोलत आली आहेत. 1986 च्या जानेवारीत अमेरिकेतून पुण्यास आणलेला मुलगा आईकडे सोपवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिला. याउलट 2017 साली, परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याजोगा केवळ एक मुद्दा असून मुलाचे हित सर्वोपरी, असे त्याच न्यायालयाने म्हटले.

आखातात आणि कॅनडात स्थिरावलेली आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे पाहता हा प्रश्न आता दूरचा उरलेला नाही. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशकांना न्यायालयात स्थान दिले आणि 1989 साली पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये सुरू झाली. तेथील समुपदेशिकेला टोरोंटोच्या किंवा लंडनच्या सहकाऱ्याशी अधिकृतपणे बोलता यावे, अशी कायमची व्यवस्था देशात प्रथम व्हायला हवी. पुण्याच्या त्या मुलाला दहा महिने लागले होते.