अर्धं पुस्तक आणि ५० पौंड

परवा एका कंपनीने माझं सल्लागाराचं काम मध्येच थांबवलं. अहवाल अर्धा झाला होता. बिल पाठवलं तर उत्तर आलं, काम पूर्ण झालं नाही, मग पैसे कसले?

हे उत्तर निदान १८३१ इतकं जुनं आहे, मंडळी. लंडनमध्ये जेम्स प्लांशे नावाचा नाटककार होता, जुने पोशाख आणि चिलखतं यांचा जाणकार. कोलबर्न आणि बेंटली या प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकमालेसाठी त्याच्याकडून पुस्तक मागवलं. पूर्ण झालं की १०० पौंड. गडी कामाला लागला, काही भाग लिहूनही झाला, आणि यांनी मालाच बंद केली. वर कोर्टात सांगतात, पुस्तक पूर्ण दिलंच नाही! (माझ्या ईमेलमधलं वाक्य तरी वेगळं कुठे होतं?) कोर्टाने ते मानलं नाही. काम तुम्हीच थांबवलंत, तर झालेल्या कामाचा मोबदला द्या. ५० पौंड मिळाले.

आपल्याकडे १८७२च्या करार कायद्यात कलम ७३ची भरपाई आहेच. पण चाळीस हजारांसाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? २००६च्या एमएसएमई कायद्याला जरा दात आहेत: ४५ दिवसांत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. एकटा सल्लागारही त्यासाठी उद्यम नोंदणी करू शकतो, फुकटात. मात्र नंतरच्या नोंदणीचा आधीच्या कामाला फायदा नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२१मध्ये म्हटलंय.

मी नोंदणी केली, गेल्या सोमवारी.