पाणीयोजनेचा खर्च नेमका कोण उचलतं? धुळ्याच्या उदाहरणावरून समजून घ्या

शहराला पाणीयोजना मंजूर झाली की बातमीत एकच आकडा येतो, 'इतके कोटी'. हा आकडा योजना बांधण्याचा असतो. ती पुढची तीस वर्षं चालवायला लागणारा पैसा त्यात नसतो, आणि तो येतोही वेगळ्या खिशातून. पाणीपट्टीचं बिल बघून "सरकारने पैसे दिले होते ना, मग आता हे काय?" असं आपण विचारतो, त्याचं उत्तर इथेच आहे.

धुळ्याचं बघू. पांझरेवरच्या अक्कलपाडा धरणातून शहराला पाणी आणायच्या योजनेचं भूमिपूजन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. योजना 'अमृत' अभियानातली. २५ जून २०१५ ला सुरू झालेल्या या अभियानात १० लाखांपर्यंत लोकसंख्येच्या शहरांना केंद्र निम्मा खर्च देत होतं, त्याहून मोठ्या शहरांना एक तृतीयांश. उरलेला राज्य आणि महापालिका मिळून. २०११ च्या जनगणनेत धुळे पावणेचार लाखांचं, म्हणजे निम्म्याच्या गटात. पुढे १ ऑक्टोबर २०२१ ला 'अमृत २.०' आलं, त्यात १ ते १० लाखांच्या शहरांसाठी केंद्राचा वाटा एक तृतीयांशावर आला. शहर तेच, पण प्रस्ताव कधी गेला यावर महापालिकेवरचा बोजा बदलतो!

आता बारीक अक्षरातली गोष्ट. अमृतच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रकल्प खर्चात जागेची किंमत धरत नाहीत आणि देखभाल-दुरुस्तीही धरत नाहीत. पाच वर्षांच्या देखभालीची सोय आराखड्यात दाखवावी लागते, पण तिचा पैसा पाणीपट्टी किंवा स्थानिक उत्पन्नातून उभा करायचा. थोडक्यात, पाइपलाइनमध्ये तीन भागीदार, वीजबिलात एकच.

आणि वीजबिल ठरतं उंचीवर. पांझरा साक्रीकडून धुळ्यात येते आणि पुढे उत्तरेला जाऊन तापीला मिळते. म्हणजे तापी शहराच्या खाली, अक्कलपाडा वर. धुळं तापीचंही पाणी पितं, आणि ते उचलूनच आणावं लागतं. हिशेब सोपा आहे: १००० लिटर पाणी १०० मीटर वर चढवायला निव्वळ ०.२७ युनिट वीज लागते. पंप-मोटर मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ०.३९ युनिट. माणशी १३५ लिटरच्या मानकाने पावणेचार लाख लोकांना रोज सुमारे ५ कोटी लिटर पाणी हवं. ते सगळं १०० मीटर चढवायचं म्हटलं तर दिवसाला जवळपास २० हजार युनिट! पाइपातलं घर्षण अजून धरलेलंच नाही. वरच्या अंगाच्या धरणातून येताना उतार आपल्या बाजूने असतो. शुद्धीकरण केंद्र, उंच टाक्या यांना वीज लागतेच, पण मीटर बराच हळू फिरतो. म्हणून दोन योजनांची तुलना नुसत्या बांधकामाच्या कोटींवर करणं मला अर्धवट वाटतं.

गंमत म्हणजे चालवण्याचा खर्च वाटून घ्यायची जुनी पद्धत याच पांझरेवर आहे. फड पद्धत, तीन-चारशे वर्षं जुनी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, खालच्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात एका हंगामात एकच पीक. पाणी सोडणारा पाटकरी गावानेच नेमलेला, आणि पाटातला गाळ काढायला लाभधारक शेतकरी स्वतः उतरणार. बंधारा बांधून झाला म्हणजे काम संपलं, असं तिथे कोणी धरतच नव्हतं.

शहरात गाळाची जागा गळतीने घेतली आहे. १०० लिटर सोडलं आणि वाटेत ४० गळलं, तर वीज शंभराची लागते आणि वापर साठाचा होतो. वरचे ०.३९ युनिट मग घरी पोचलेल्या हजार लिटरमागे ०.६५ होतात. नळाला मीटर नसेल तर हे पाणी कुठे गेलं तेही कळत नाही. सरसकट पाणीपट्टीत दोन माणसांचं घर आणि रोज गाडी धुणारं घर सारखंच भरतं.

हे दर ठरतात कुठे? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढच्या वर्षाच्या करांचे दर महापालिकेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. प्रस्ताव त्याआधी स्थायी समितीतून जातो. नगरसेवकाला गाठायचं असेल तर जानेवारीतच गाठा, मार्चमध्ये बिल हातात घेऊन जाल तोवर उशीर झालेला असतो.