दूरस्थ रुग्णनिरीक्षणाची वाटचाल : लायडन ते अड्याळ – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

रुग्ण एका ठिकाणी आणि त्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणारा वैद्य दुसऱ्या ठिकाणी, ही कल्पना भ्रमणध्वनीच्या युगात जन्मलेली नाही. तिचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे. प्रस्तुत लेखात १९०५ मधील लायडन येथील प्रयोगापासून २०२० मधील महाराष्ट्रातील गृहभेटींपर्यंतच्या वाटचालीचा मागोवा घेतला असून, भंडारा जिल्ह्यातील अड्याळसारख्या गावाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ काय, याचा विचार केला आहे. उपकरण लहान होत गेले तरी नोंद वाचणारा आणि तिला प्रतिसाद देणारा माणूस अनावश्यक झाला नाही, हे या अभ्यासाचे प्रमुख प्रतिपादन होय.

बीजशब्द : दूरस्थ रुग्णनिरीक्षण, संवेदक, भ्रमणध्वनी, आशा स्वयंसेविका, गृहभेट, ग्रामीण आरोग्य, भंडारा जिल्हा.

प्रस्तावना

अड्याळ हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील, भंडारा–पवनी मार्गावरील मोठे गाव होय. परिसर धानाच्या शेतीचा आहे. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु गंभीर रुग्णाला भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात आणि तेथून अनेकदा नागपूरला न्यावे लागते. शासकीय निकषांनुसार सर्वसाधारण भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित असते. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय अशी ही उतरंड आहे. तिच्या प्रत्येक पायरीवर अंतर वाढते, खर्च वाढतो आणि मजुरीही बुडते. रोवणीच्या दिवसांत अंगात ताप घेऊन बांधीत उतरणाऱ्या मजूर स्त्रीला रुग्णालय किती किलोमीटरवर आहे यापेक्षा तिथे जाण्यासाठी दिवस मोडता येतो की नाही, हा प्रश्न मोठा असतो.

अशा समाजासाठी शरीरावर बसविलेले संवेदक आणि भ्रमणध्वनीवरील ॲप यांच्या साहाय्याने घरबसल्या निरीक्षण ही कल्पना निश्चितच आकर्षक आहे. मात्र तिचे मूल्यमापन करण्यापूर्वी तिचा पूर्वेतिहास तपासणे आवश्यक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

दूरस्थ रुग्णनिरीक्षणाच्या विकासाचे टप्पे समजून घेणे, महाराष्ट्रातील विशेषतः विदर्भातील अनुभवाचे या इतिहासातील स्थान निश्चित करणे आणि ग्रामीण भागासाठी त्यातून मिळणारा बोध स्पष्ट करणे, ही या लेखाची तीन उद्दिष्टे होत. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

यंत्र जड, म्हणून संदेशाचा प्रवास

एकोणिसाव्या शतकाने वैद्याच्या हाती मोजमापाची साधने दिली. १८१६ मध्ये लेनेक यांनी स्टेथोस्कोप तयार केला. १८६० च्या दशकात वुंडरलिश यांनी ज्वराच्या नियमित नोंदींना शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली आणि त्याच दशकात ऑलबट यांनी खिशात मावेल असा तापमापक प्रचारात आणला. रुग्णाच्या सांगण्याबरोबरच आकड्याला महत्त्व आले ते याच काळात.

पुढचा टप्पा नेदरलँड्समधील लायडन येथे आला. विलेम आइन्थोव्हेन यांनी हृदयाच्या विद्युत्स्पंदनांची नोंद करणारे यंत्र सिद्ध केले होते. पण ते सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. असे यंत्र रुग्णाच्या खाटेजवळ नेणे अशक्य होते. तेव्हा १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयातून दूरध्वनीच्या तारेद्वारे रुग्णाच्या हृदयाचा संदेश प्रयोगशाळेत आणला. रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडविलेले असत. १९०६ मध्ये त्यांनी या पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले आणि १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दूरस्थ निरीक्षणाचा आरंभ अशा रीतीने सोयीतून नव्हे, तर अडचणीतून झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अमेरिकेतील मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाठीवर वाहून नेता येईल असे, सुमारे ३८ किलो वजनाचे रेडिओ-हृदयालेख यंत्र तयार केले. चालत्याफिरत्या माणसाचे हृदय प्रथमच दुरून नोंदले गेले. पुढे अवकाशस्पर्धेने या तंत्राला वेग दिला. नोव्हेंबर १९५७ मध्ये स्पुटनिक-२ मधील लायका या कुत्रीच्या आणि १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांच्या शरीरस्थितीची माहिती पृथ्वीवर आली. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण नाडीच्या स्पंदनावरून मोजण्याचे तत्त्व शोधले. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित रक्त तांबडा व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते. या भेदावर आजचा बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर आधारलेला आहे. साडेचार दशकांनंतर हेच साधन आशा स्वयंसेविकेच्या पिशवीत आले.

घर हेच उपचारस्थान : भारतीय अनुभव

भारतात या विषयाचा विचार यंत्रापासून नव्हे, तर रुग्णाच्या घरापासून सुरू झाला. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. क्षयरुग्णाला आरोग्यधामात ठेवणे अपरिहार्य आहे काय, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी घरी राहून घेतलेले औषध आरोग्यधामातील उपचाराइतकेच परिणामकारक ठरू शकते, हे दाखवून दिले. मात्र त्यासाठी रुग्णाच्या घरी अचानक जाऊन गोळ्या मोजणे आणि लघवीची तपासणी करणे अशी देखरेख ठेवलेली होती. घरच्या उपचाराचे यश घरी येणाऱ्या माणसावर अवलंबून होते.

वैनगंगेच्या खोऱ्यातील गडचिरोली येथील अनुभव याहून जवळचा आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटाला किती श्वास पडतात हे मोजावे लागते. परंतु अंक न जाणणाऱ्या दायीने ते कसे मोजावे, हा पेच होता. त्यावर वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असलेले साधे श्वासमापक तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा; वाळू संपण्यापूर्वी ठरलेला मणी सरकला तर श्वास जलद आहे असे समजावयाचे. वीज नाही, पडदा नाही. तरीही संवेदकाचे कार्य हे साधन करीत होते. शरीरातील बदलाचे त्याने निर्णय घेता येईल अशा खुणेत रूपांतर केले आणि निर्णय घेणारी व्यक्ती त्याच घरात उपस्थित होती.

याच परंपरेत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग झाला. ३९ गावांत गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी ठरलेल्या दिवशी बाळाच्या घरी जाऊन वजन, तापमान आणि श्वास यांची नोंद ठेवली व गरजेनुसार उपचार केले; तुलनेसाठी ४७ गावे होती. डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा स्वयंसेविका ही व्यवस्था उभी राहिली आणि २०११ मध्ये गृहाधारित नवजात बालसेवेचा देशपातळीवर स्वीकार झाला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाणारी आशा ही त्या अर्थाने दूरस्थ निरीक्षणाची सर्वांत विस्तृत भारतीय रचना होय.

उपग्रह, भ्रमणध्वनी आणि महामारी

२००० मध्ये आंध्र प्रदेशातील अरगोंडा येथे ग्रामीण दूरवैद्यक केंद्राचे उद्घाटन झाले आणि २००१ पासून भारतीय अवकाश संशोधन संस्थेने उपग्रहाद्वारे रुग्णालये जोडण्याचे काम हाती घेतले. तथापि दूरवैद्यक सल्ला आणि दूरस्थ निरीक्षण यांत भेद आहे. सल्ला विचारल्यावर मिळतो; निरीक्षण मात्र न विचारता अखंड चालू असावे लागते.

ही उणीव भ्रमणध्वनीने काही अंशी भरून काढली. २०१० नंतरच्या दशकात क्षयरुग्णांसाठी ‘नाइन्टीनाइन डॉट्स’ ही पद्धत वापरात आली. गोळी बाहेर काढताच वेष्टनाखाली दडलेला क्रमांक दिसे आणि त्या निःशुल्क क्रमांकावर फोन लावला की गोळी घेतल्याची नोंद होई. पद्धत अल्पखर्ची होती. पण घरातील एकमेव फोन दुसऱ्याच्या खिशात असला किंवा नेटवर्क नसले, तर औषध घेणारा रुग्णही नोंदवहीत गैरहजर ठरे. उलट, फोन लावणाऱ्याने गोळी गिळली असेलच याचीही हमी नव्हती.

मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यक व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि एप्रिल २०२० मध्ये ई-संजीवनीची रुग्णांसाठीची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवक यांची पथके घरोघरी जाऊन प्रत्येकाचे तापमान व रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मोजत आणि ॲपमध्ये माहिती भरीत. कोविडमध्ये दम लागल्याची जाणीव होण्यापूर्वीच ऑक्सिजन घसरत असे. त्यामुळे बोटावरचा आकडा रुग्णाच्या सांगण्यापेक्षा आधी धोका दाखवू शकत होता. आओयागी यांचे तत्त्व महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील उंबरठ्यापर्यंत पोहोचले ते अशा प्रकारे.

याच काळात दोन सत्येही समोर आली. पहिले उपकरणाविषयीचे. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात, ऑक्सिमीटरचे वाचन समाधानकारक असूनही प्रत्यक्ष ऑक्सिजन कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आढळले. उन्हातान्हात राबणाऱ्या, सावळ्या वर्णाच्या समाजात हे साधन वापरताना या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करता येत नाही. दुसरे सत्य माणसाविषयीचे होते. जून २०२१ मध्ये राज्यातील आशा स्वयंसेविकांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला. ज्या हातांनी लाखो आकडे गोळा केले, त्यांच्या श्रमाचा आकडा मात्र त्यांना मागून घ्यावा लागला.

नोंद आणि प्रतिसाद : एक तुलना

निरीक्षणाने रुग्ण वाचतो काय, या प्रश्नाचे उत्तर दोन प्रयोगांच्या तुलनेतून मिळते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात हृदयदुर्बलतेचे १,६५३ रुग्ण होते. रुग्णाने रोज स्वयंचलित दूरध्वनी यंत्रणेला आपली लक्षणे व वजन सांगावयाचे, अशी ती रचना होती. पुनर्दाखला अथवा मृत्यू यांत कोणतीही घट झाली नाही. काही रुग्णांनी तर यंत्रणा एकदाही वापरली नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील प्रयोगात १,५७१ रुग्ण होते. तेथे वजन, रक्तदाब, हृदयालेख यांची माहिती रोज एका केंद्राकडे जाई आणि त्या केंद्रात रात्रंदिवस डॉक्टर व परिचारिका उपस्थित असत. तेथे अनपेक्षित रुग्णालयवास वा मृत्यूमुळे गमावलेल्या दिवसांचे प्रमाण ६.६४ वरून ४.८८ टक्क्यांवर आले आणि मृत्यूंचे प्रमाणही घटले. रुग्णांची निवड आणि उपकरणे यांत फरक होताच. तरीही पलीकडे जागे असलेले कोणी आहे की नाही, हा दोहोंमधील महत्त्वाचा भेद दुर्लक्षिता येत नाही.

भंडारा जिल्ह्याला हा भेद पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी रात्री भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागली. कक्षातील १७ बालकांपैकी १० बालकांचा मृत्यू झाला. ७ बालकांना वाचविण्यात यश आले. ही घटना दूरस्थ निरीक्षणाची नव्हे. परंतु अतिदक्षतेसाठीच उभारलेला कक्षही स्वतःहून सुरक्षित होत नाही, हे तिने जिल्ह्याच्या स्मृतीत कायमचे कोरले आहे. जे रुग्णालयाच्या भिंतींच्या आत खरे ठरले, ते अनेक किलोमीटर दूर असलेल्या घराबाबत अधिकच खरे ठरणार, हे उघड आहे.

निष्कर्ष

१. दूरस्थ निरीक्षणाचा उगम यंत्राच्या मर्यादेतून झाला. माणसाला वगळण्याचा हेतू त्यामागे नव्हता.

२. विदर्भातील अनुभव हा पाश्चात्त्य तंत्राची उशिरा आलेली नक्कल नाही. श्वासमापक आणि गृहभेट यांनी अल्प साधनांत निरीक्षण व उपचार एकाच हाती आणले.

३. नोंदीला वेळेवर प्रतिसाद देणारी व्यवस्था नसेल, तर अधिक नोंदी म्हणजे अधिक आरोग्य असे समीकरण मांडता येत नाही.

४. उपकरणाची अचूकता स्थानिक लोकसंख्येवर तपासणे, रुग्णाच्या माहितीची गोपनीयता २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याच्या भावनेनुसार जपणे आणि आशा स्वयंसेविकेला नियमित व न्याय्य मोबदला देणे, या तीन बाबी तंत्रज्ञानाइतक्याच मूलभूत आहेत.

समारोप

लायडनमध्ये १९०५ साली तारेच्या एका टोकाला रुग्ण होता आणि दुसऱ्या टोकाला आइन्थोव्हेन स्वतः होते. त्यानंतर तार अदृश्य झाली, यंत्र मनगटावर मावू लागले. परंतु दुसऱ्या टोकाची जागा रिकामी ठेवून चालले, असे इतिहासात कोठेही आढळत नाही. अड्याळ परिसरातील एखाद्या घरात मध्यरात्री ऑक्सिमीटरवरचा आकडा घसरेल, तेव्हा तो कोण पाहील, कोणाला कळवील आणि भंडाऱ्याकडे निघणारे वाहन किती वेळात दाराशी येईल, या प्रश्नांची उत्तरे आधी निश्चित व्हावयास हवीत. त्यानंतर कोणते ॲप वापरावयाचे, हा प्रश्न सोपा आहे.