उसन्या उजेडाचे उत्तर

सोलापूर रस्त्याने जाताना दौंड तालुक्यातल्या पाटसच्या टोलनाक्यावर गाडी आली, की आडवा दांडा आपोआप वर उठतो. काचेवर चिकटवलेल्या फास्टॅगची ही किमया. २०२१ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला. त्या पट्टीत बॅटरी नाही आणि पैसेही नाहीत. मग ती नाक्याशी बोलते कशी?

लहानपणी आपण उन्हात आरसा धरून भिंतीवर कवडसा पाडत असू. उजेड सूर्याचा, आपण फक्त आरशावर हात ठेवायचा आणि काढायचा. फास्टॅग हेच करतो. नाक्यावरचे यंत्र रेडिओलहरी सोडते. त्याच लहरींच्या बळावर पट्टीतली चिप जागी होते आणि लहरी कमीजास्त परतवून आपला क्रमांक कळवते. पैसे वळते होतात ते खात्यातून.

या युक्तीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १९४५ साली मॉस्कोत रशियन शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूतांना लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले. राजदूतांच्या निवासस्थानी ते सात वर्षे भिंतीवर होते. १९५२ साली उघडकीस आले, की आत लेव थेरेमिन यांनी घडवलेले हेरयंत्र आहे! त्यातही बॅटरी नव्हती. बाहेरून लहरी सोडल्या, की खोलीतले बोलणे परतणाऱ्या लहरींवर स्वार होई. दरम्यान १९४८ साली हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीने संदेश पाठवण्यावर शास्त्रीय निबंध लिहिला. आजच्या आरएफआयडीच्या इतिहासात त्या निबंधाला मानाचे स्थान आहे.

पण विचारणारा कोण, हे आरसा पाहत नाही. १९९४ साली निघालेले मायफेअर क्लासिक कार्ड पुढे जगभर बसच्या तिकिटांना आणि दारांच्या कुलपांना वापरले गेले. त्याची सांकेतिक पद्धत गुप्त आहे, हीच त्याची तटबंदी मानली होती. २००८ साली नेदरलँड्समधल्या नायमेखेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ती फोडून दाखवली. निर्मात्या कंपनीने त्यांचा निबंध रोखायला कोर्टात धाव घेतली. कोर्टाने तो छापायला मोकळीक दिली. झाकून ठेवलेला दोष सुधारत नाही, हाच त्यातला धडा.

गुरुजनहो, हा धडा आपल्या शिरूर-दौंडच्या शाळांतही देता येईल. आरसी-५२२ नावाचे छोटे वाचकयंत्र, एक अर्डुइनो बोर्ड, शाळेतला संगणक आणि सरावाचे एखादे कार्ड, एवढे साहित्य पुरे. कार्ड किती अंतरावर वाचले जाते, ते मुलांना फूटपट्टीने मोजू द्या. मध्ये वही धरा, उत्तर येईल. स्टीलचे ताट धरा, कार्ड मुके होईल. प्रयोग मात्र आपल्याच कार्डावर करायचा, हे आधी बजावा.

ज्या मुलाने स्वतःच्या हाताने कार्ड मुके करून पाहिले, तो मोठेपणी यंत्राला भिणार नाही आणि त्यावर आंधळा विश्वासही टाकणार नाही. क्रमांक कळला म्हणजे ओळख पटली असे नव्हे, एवढे त्याला पक्के ठाऊक असेल.